कॉपी केलं, पण लॉगिन होईना

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणारी अर्धी पत्रं एकाच विषयाची आहेत, जुन्या मशीनवरचं सगळं नव्यावर न्यायला घेतलं आणि मध्येच गाडं अडलं. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले, फक्त हेच घेतलेत.

प्रश्न: ताई, जुन्या पीसीवरचा माझा अख्खा यूजर फोल्डर मी एक्स्टर्नल डिस्कवर घेतला. नवीन लॅपटॉपवर त्याच नावाचं अकाउंट बनवलं, पासवर्डपण तोच. मग दुसऱ्या ॲडमिन अकाउंटमधून जाऊन तिथला नवा फोल्डर डिलीट केला आणि त्याच जागी जुना पेस्ट केला. आता लॉगिन केलं की 'वी कान्ट साइन इन टू युवर अकाउंट' असा मेसेज येतो, डेस्कटॉप कोरा करकरीत, आणि काल त्यावर सेव्ह केलेली फाइल आज गायब. व्हायरस आहे का?

उत्तर: व्हायरस नाहीये. तुम्ही टेम्पररी प्रोफाइलवर आहात. तुमचं खरं प्रोफाइल उघडता आलं नाही की विंडोज एक कामचलाऊ प्रोफाइल बनवून देतं आणि साइन आउट केलंत की ते पुसून टाकतं. कालची फाइल त्यातच गेली. आता हे नीट होईपर्यंत त्या अकाउंटमध्ये कामाचं काहीही सेव्ह करू नका. खात्री करायची असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन, तिथे १५११ नंबरची नोंद दिसेल, बहुतेक वेळा सोबत १५१५ पण असते.

आता घोळ कुठे झाला ते. आपल्याला वाटतं नाव तेच, पासवर्ड तोच, म्हणजे माणूस तोच. विंडोज नाव बघतच नाही हो, ते बघतं एसआयडी, म्हणजे प्रत्येक अकाउंटचा ओळख क्रमांक. कमांड प्रॉम्प्टमध्ये हूअॅमआय स्लॅश यूजर असं टाइप करा (हूअॅमआय इंग्रजीत सलग, मध्ये स्पेस नाही), एस-१-५-२१ ने सुरू होणारा एक लांबलचक नंबर येईल, मध्ये तीन मोठाले आकडे आणि शेवटी १००१ नाहीतर १००२ असं काहीतरी. ते मधले तीन आकडे त्या मशीनचे असतात, त्यामुळे दोन मशीनवर एकाच नावाची अकाउंटं केली तरी नंबर वेगळे येतात आणि विंडोजच्या लेखी ती दोन परकी माणसं.

बरं, फोल्डरची मालकी बदलून टाकली तर? नाही चालत. फोल्डरमध्ये एनटीयूजर डॉट डॅट नावाची एक लपवलेली फाइल असते, तुमच्या सगळ्या सेटिंगांची रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची नोंदवही, त्यात असते आणि लॉगिन करताना विंडोज आधी तीच उघडतं. त्या फाइलची मालकी बाहेरून बदलता येते, पण आतमध्ये प्रत्येक की वर (की म्हणजे रजिस्ट्रीतला एक कप्पा) जुन्या एसआयडीच्या परवानग्या लिहिलेल्या असतात, त्या तशाच राहतात. दाराचं कुलूप बदललं पण आतल्या कपाटांना जुनीच कुलपं, असं होतं ते. मग कधी प्रोफाइल उघडतच नाही, कधी उघडतं पण स्टार्ट मेनू क्लिकच होत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट कारण माणूस दोन दिवस स्टार्ट मेनूच दुरुस्त करत बसतो.

तर आता करायचं काय. त्या दुसऱ्या ॲडमिन अकाउंटमधून जा, आधी मशीन एकदा रीस्टार्ट करा आणि मधे खराब अकाउंटमध्ये शिरू नका. पेस्ट केलेला फोल्डर यूजर्समधून उचलून सी ड्राइव्हवर दुसरीकडे ठेवा, 'जुनं' वगैरे नाव देऊन. हे आधीच करायचं, विसरू नका, कारण पुढच्या पायरीत विंडोज त्या जागचा फोल्डर उडवतं. मग रनमध्ये एसवायएसडीएम डॉट सीपीएल, ॲडव्हान्स्ड टॅब, यूजर प्रोफाइल्सचं सेटिंग्ज बटण, यादीत ते प्रोफाइल दिसेल ते डिलीट करा. (तिथेच कॉपी टू असं बटण आहे, ते बघून हुरळून जाऊ नका, ते फक्त डीफॉल्ट प्रोफाइलसाठी चालतं, बाकीच्यांना राखाडी.) यादीत दिसलंच नाही तर रजिस्ट्री एडिटर उघडावा लागेल. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन आणि त्यात प्रोफाइल लिस्ट. डावीकडे एसआयडींची रांग दिसते. एकेकीवर क्लिक करून उजवीकडे प्रोफाइल इमेज पाथ वाचायचा, ज्यात तुमचा फोल्डर लिहिलाय ती तुमची. तुमच्या केसमध्ये तिला शेपटी लागलेली असणार, डॉट बॅक अशी (इंग्रजीत बी-ए-के). ती की आधी एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मगच डिलीट करा.

लोक सांगतात की ते डॉट बॅक काढून टाक, बिनशेपटीची जुळी की असेल तर आधी तिचं नाव बदल, मग स्टेट आणि रेफकाउंट शून्य कर, झालं काम. तो उपाय बरोबर आहे, पण ज्याचं प्रोफाइल त्याच मशीनवरचं आहे आणि मध्येच रुसलंय त्याच्यासाठी. तुमचं प्रोफाइल दुसऱ्या मशीनवरून आलंय, शेपटी काढून ते तुम्हाला ओळखायला लागणार नाही.

डिलीट झालं की रीस्टार्ट करा आणि त्या अकाउंटने साइन इन करा, विंडोज नवं कोरं प्रोफाइल बनवेल. ते दोन मिनिटं स्थिरावू द्या. मग जुन्या फोल्डरमधून डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स, डाउनलोड्स, व्हिडिओज एवढंच आणा. आणि कॉपी-पेस्ट करा, कट-पेस्ट नको. एकाच ड्राइव्हवर कट केलं की फाइल आपल्या जुन्या परवानग्या कमरेला बांधून येते, कॉपी केलं की नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. 'ॲक्सेस डिनाइड'च्या तक्रारी या एका सवयीने बऱ्याच कमी होतात. ॲप डेटा पूर्ण आणायचा नाही, त्यातलं एखाद्या ठरावीक प्रोग्रामचं काही हवं असेल तर तेवढंच. आणि एनटीयूजर डॉट डॅटला हात लावायचा नाही, म्हणजे नाही.

प्रश्न: माझं कॉपीच पूर्ण होत नाहीये. एक्स्प्लोररने केलं तर 'फाइल नेम टू लाँग' म्हणतं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून रोबोकॉपी, ती कमांड प्रॉम्प्टमधली कॉपीची कमांड, वापरलं तर रात्रभर एकाच फाइलवर अडकून बसलंय आणि डिस्कवर बघितलं तर ॲप्लिकेशन डेटा मध्ये ॲप्लिकेशन डेटा मध्ये परत ॲप्लिकेशन डेटा... हे काय आहे?

उत्तर: आरशासमोर आरसा ठेवलाय. यूजर फोल्डरमध्ये ॲप्लिकेशन डेटा, लोकल सेटिंग्ज, माय डॉक्युमेंट्स असे काही फोल्डर दिसतात ते फोल्डर नाहीतच, जुन्या एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रामांची सोय म्हणून ठेवलेल्या जंक्शन आहेत, म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या. ॲप डेटाच्या लोकलमध्ये जी ॲप्लिकेशन डेटा नावाची पाटी आहे ती बोट दाखवते परत लोकलकडेच. कॉपी करणारा प्रोग्राम बिचारा आत शिरतो, परत तीच पाटी, परत आत, शेवटी पाथ २६० अक्षरांच्या वर गेला की एक्स्प्लोरर हात टेकतं. रोबोकॉपीला लांब पाथचं काही वाटत नाही म्हणून ते खोदतच राहतं.

रोबोकॉपीला स्लॅश एक्सजे हा स्विच द्या, पाट्या सोडून देईल. आणि रात्रभर अडकण्याचं कारण वेगळं आहे, एखादी फाइल उघडी असली की रोबोकॉपी परत प्रयत्न करतं, किती वेळा, तर मुळातलं सेटिंग आहे दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशोब केलात तर एका फाइलला वर्षभर जवळजवळ. स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ असं दिलं की एकदा विचारून पुढे जातं. स्लॅश ई म्हणजे सगळे सबफोल्डर. स्लॅश एमआयआर मात्र टाळा, तो नव्या जागचं जास्तीचं सगळं पुसतो आणि डेस्टिनेशन चुकलं की रडायची वेळ येते.

अजून एक गंमत, यूजर फोल्डर थेट डिस्कवरच्या नव्या फोल्डरमध्ये घेतलात तर कधी कधी तो फोल्डर दिसतच नाही, कारण हिडन आणि सिस्टिम हे शिक्के सोबत येतात. स्लॅश ए मायनस कोलन एसएच दिलं की ते शिक्के उतरतात. सगळं झाल्यावर शेवटी एक्झिट कोड १ आला तर घाबरू नका, रोबोकॉपीत १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या. ८ आणि त्याच्या वर असेल तर काहीतरी राहिलंय, मग फेल्डचा कॉलम बघा. मी स्वतः हा १ बघून तीनदा कॉपी केली होती पहिल्यांदा, कुणाला सांगू नका.

प्रश्न: क्रोमचा अख्खा यूजर डेटा फोल्डर नव्या मशीनवर टाकला. बुकमार्क आले, हिस्ट्री आली, पण सेव्ह केलेला एकही पासवर्ड नाही आणि सगळ्या साइटवरून लॉग आउट. नवऱ्याने फायरफॉक्सचा फोल्डर असाच नेला तर त्याचं सगळं व्यवस्थित आलं! मी काय चुकले?

उत्तर: तुम्ही काही चुकला नाहीत. क्रोमने पासवर्डची किल्ली डीपीएपीआयकडे, म्हणजे विंडोजच्या गुपितं सांभाळणाऱ्या सोयीकडे, ठेवलेली असते आणि ती बांधलेली असते तुमच्या विंडोज अकाउंटला, तिथल्या एसआयडीला आणि तिथल्या पासवर्डला. फाइल नेली, किल्ली मागे राहिली. लॉगिनची गोष्ट तर अजून घट्ट केलीय, २०२४ मध्ये क्रोम १२७ पासून कुकीजनाही (साइटवरचं तुमचं लॉगिन त्यांच्यात लक्षात राहतं) विंडोजवर वेगळं ॲप-बाउंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे त्या ॲपलाच बांधलेलं कुलूप. फायरफॉक्स आपली किल्ली प्रोफाइलच्या आतच ठेवतं, की४ डॉट डीबी नावाच्या फाइलमध्ये आणि लॉगिन्स डॉट जेसन तिच्या शेजारी, म्हणून फोल्डर नेला की दोन्ही सोबत जातात. सोयीचं आहे, पण हेही लक्षात घ्या की ज्याच्या हातात तो फोल्डर पडला त्याच्या हातात पासवर्डपण पडले, म्हणून नवऱ्याला प्रायमरी पासवर्ड, म्हणजे फायरफॉक्समधल्या सगळ्या पासवर्डांवरचा एक मुख्य पासवर्ड, लावायला सांगा.

जुनं मशीन अजून चालू आहे ना? मग सोपं आहे. एकतर क्रोममध्ये सिंक चालू करून नव्या मशीनवर साइन इन करा, किंवा पासवर्ड मॅनेजरमधून एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्ट झालेली सीएसव्ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा म्हणजे कळेल मी का ओरडतेय ते, साइट, नाव, पासवर्ड, सगळं उघडं नागडं. इम्पोर्ट झालं की लगेच डिलीट आणि रिसायकल बिनमधूनही डिलीट. ईमेलने स्वतःला पाठवायची नाही.

आणि जुन्या मशीनवर विंडोजचा पासवर्ड विसरलाय म्हणून दुसऱ्या अकाउंटमधून तो रीसेट करू नका, लोकल अकाउंट असेल तर त्याने ती किल्लीच निकामी होते, मग जुन्या मशीनवरचेपण पासवर्ड गेले.

प्रश्न: डेस्कटॉपवरच्या फाइली पेनड्राइव्हवर घेताना एरर ०एक्स८००७०१६ए, 'क्लाउड फाइल प्रोव्हायडर इज नॉट रनिंग'. मी तर क्लाउडवर काही ठेवलेलंच नाही.

उत्तर: तुम्ही ठेवलं नसेल, वनड्राइव्हने ठेवलंय. सेटअप करताना कधीतरी बॅकअपला हो म्हटलं गेलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तिन्ही वनड्राइव्हच्या फोल्डरात जाऊन बसतात. ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या मशीनवर नाहीतच, नुसती नावं आहेत. वनड्राइव्ह चालू करा, साइन इन करा, फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस', सगळे ढग जाऊन हिरव्या खुणा येईपर्यंत थांबा आणि मग कॉपी. नाहीतर सरळ नव्या मशीनवर त्याच वनड्राइव्हला साइन इन करा, पेनड्राइव्हची गरजच नाही.

प्रश्न: आमच्या ऑफिसात चाळीसेक मशीन बदलायची आहेत म्हणून यूएसएमटी, मायक्रोसॉफ्टचं यूजरचा डेटा हलवणारं टूल, वापरतोय. जुन्या मशीनवरून डेटा गोळा करणारं त्यातलं स्कॅनस्टेट ६१ हा कोड देऊन थांबतं, दोन मशीनवर तो डेटा नव्यावर बसवणाऱ्या लोडस्टेटने १४ दिला. एकावर सगळं नीट झालं म्हणालं पण यूजरला लॉगिनच करता येत नाही.

उत्तर: चाळीस मशीनला यूएसएमटीच बरोबर, हाताने करायला गेलात तर वेड लागेल. ६१ म्हणजे एखादी फाइल वाचता आली नाही म्हणून थांबलोय, जीवघेणं काही नाही. स्लॅश सी दिलं की अशा चुका सोडून पुढे जातं आणि शेवटी ३ देतं. पण स्लॅश सी देऊन निर्धास्त होऊ नका, काय सोडलं ते लॉगमध्ये वाचा, स्लॅश व्ही कोलन १३ ठेवा म्हणजे लॉगमध्ये सगळं येतं, फाइल मोठी होते पण एरर शब्द शोधला की सापडतं. बहुतेक वेळा एखादी उघडी राहिलेली पीएसटी, म्हणजे आउटलुकची मेल साठवणारी फाइल, निघते. म्हणून यूजरला आधी लॉग ऑफ करायला लावा, दोन्ही बाजूंना.

१४ म्हणजे नव्या मशीनवर ते लोकल अकाउंट नाहीये आणि बनवायची परवानगी तुम्ही दिलेली नाही. स्लॅश एलएसी द्या. आणि तुमची तिसरी तक्रार यातूनच येते, स्लॅश एलएसीने बनवलेलं अकाउंट डिसेबल्ड असतं, सोबत स्लॅश एलएई पण द्यावं लागतं. डोमेन अकाउंटांना, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरच्या अकाउंटांना, हे दोन्ही लागत नाही. मिगडॉक्स आणि मिगयूजर या दोन एक्सएमएल (काय न्यायचं ते सांगणाऱ्या फाइली) एकत्र देऊ नका, एकच निवडा. ऑफिस वगैरे प्रोग्राम लोडस्टेटच्या आधी टाकलेले असू द्या, सेटिंग्ज बसायला प्रोग्राम तर हवा. मशीनला थेट जोडलेले प्रिंटर आणि पासवर्ड येत नाहीत, हे लोकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सोमवारी सकाळी चाळीस फोन.

प्रश्न: आउटलुकची ओएसटी फाइल नेली, नव्या मशीनवरचं आउटलुक ती उघडतच नाही.

उत्तर: उघडणार पण नाही. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची त्या मशीनपुरती झेरॉक्स आहे, नवीन मशीनवर अकाउंट टाकलं की ती आपोआप नव्याने बनते. न्यायची असते ती पीएसटी. फक्त ओएसटीमध्ये 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' लिहिलेले फोल्डर असतील तर ते सर्व्हरवर नसतात, जुन्या आउटलुकमधून ते आधी पीएसटीत एक्स्पोर्ट करून घ्या. सह्या ॲप डेटाच्या रोमिंगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या आत सिग्नेचर्स फोल्डरात असतात, तो तेवढा उचला.

प्रश्न: जुना लॅपटॉप सुरूच होत नाही. डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून जोडली तर ती ४८ आकडी की मागते. ती मिळाली, डिस्क उघडली, तर एका फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींवर छोटं कुलूप आहे आणि मालकी घेतली तरी ॲक्सेस डिनाइडच.

उत्तर: दोन वेगवेगळी कुलपं आहेत ती. ४८ आकडे बिटलॉकरचे, अख्ख्या डिस्कचं कुलूप, ते तुम्ही उघडलंत. आतलं छोटं कुलूप ईएफएस, म्हणजे विंडोजचं एकेका फाइलचं कुलूप, कधीतरी फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एन्क्रिप्ट कंटेंट्स टू सिक्युअर डेटा'वर टिक केलं गेलं असणार. तिथे परवानगीचा प्रश्नच नाही, मजकूरच गुंडाळलेला आहे आणि तो उघडायला जुन्या अकाउंटचं सर्टिफिकेट लागतं, पीएफएक्स फाइल. टिक केली तेव्हा विंडोजने बॅकअप घ्या म्हणून विचारलं असेल, तेव्हा कुठे ठेवली का ते आठवा, पेनड्राइव्ह, जुना मेल, सगळं धुंडाळा. सापडली तर डबल क्लिक करून इम्पोर्ट करा, फाइली उघडतील.

नाही सापडली तर त्या डिस्कवर काहीही करू नका, फॉरमॅट तर मुळीच नाही. ती डिस्क त्याच लॅपटॉपमध्ये परत बसवून लॅपटॉप दुरुस्त होतो का ते बघा, कारण जुन्या विंडोजमध्ये जुन्या पासवर्डने साइन इन करता आलं तर तिथून फाइली उघडतात आणि सर्टिफिकेटपण एक्स्पोर्ट करता येतं. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या एका मशीनवर असाच एक फोल्डर होता, सगळं नव्यावर आलंय अशी खात्री झाली, म्हणजे नावं आणि साइझ जुळले, उघडून एकही फाइल बघितली नाही, आणि त्याच संध्याकाळी जुनी डिस्क पुसून टाकली. बारा वर्षांच्या हिशोबाच्या फाइली, आजही आहेत माझ्याकडे, कुलपासकट. तेव्हापासून जुनी डिस्क मी किमान तीन महिने ड्रॉवरमध्ये ठेवते.

प्रश्न: मी लिनक्सवाला. जुन्या मशीनची होम डिरेक्टरी नव्यावर कॉपी केली, आता पासवर्ड टाकतो, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत लॉगिनवरच येतो. पासवर्ड बरोबर आहे, चुकीचा टाकला तर वेगळा मेसेज येतो.

उत्तर: सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, कॉपी केलंत ना? सगळ्या फाइली रूटच्या (लिनक्समधला ॲडमिन) झाल्यात, तुमच्या सेशनला स्वतःच्याच घरात लिहिता येत नाही म्हणून ते बाहेर फेकलं जातंय. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबा, काळ्या स्क्रीनवर लॉगिन करा, आणि सुडो सीएचओडब्ल्यूएन (मालकी बदलणारी कमांड) मायनस कॅपिटल आर, पुढे तुमचं नाव कोलन तुमचं नाव, पुढे होमचा पाथ. मग परत ग्राफिकल लॉगिनवर जाऊन बघा. मध्ये एक्सफॅटची डिस्क वापरली असेल तर परवानग्या तिथेच गळून पडलेल्या असतात, मग एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्राम) तुमची प्रायव्हेट की घ्यायला नकार देईल, त्या फाइलला सीएचमॉड ६०० करा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल. पुढच्या वेळी टारमध्ये (सगळ्याची एकच फाइल करणारी कमांड) बांधून न्या किंवा आरसिंक मायनस ए या कॉपीच्या कमांडने थेट एका मशीनवरून दुसऱ्यावर.